जुनी आरी आणि कच्चा टाका

६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोन असताना बहिणीला पत्र का सुचलं म्हणशील, तर फोन आता माझा राहिलेला नाही. तो आबांनी घेतलाय. तू त्यावर काही पाठवलंस की आधी ते वाचतात, मग पुसतात, मग मला म्हणतात, "काही नव्हतं."

झालं असं. गुडघ्यांनी दावा मांडल्यापासून आबांचं बाहेर जाणं बंद आहे. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायचे. शेवटी मीच एक दिवस फोनवर तो ग्रुप उघडून हातात दिला. 'दोन सुया' नाव आहे. चामड्याचं काम करणारी तीन-साडेतीन हजार माणसं त्यात आहेत. बॅगा करणारे, जोडे शिवणारे, पुस्तकं बांधणारे, आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने पाकिटं शिवणारे इंजिनियर. सगळे टोपणनावाने. आठ दिवस आबा नुसते वाचत होते आणि "गाढव" म्हणत होते. मग एका बाईने फोटो टाकला. तिच्याकडून ओल्या पट्ट्यावर कात्री राहिली आणि पट्ट्यावर कात्रीचा काळाकुट्ट ठसा उठला. पन्नास जणांनी पन्नास रसायनं सांगितली. आबांनी एका बोटाने पाऊण तास खपून लिहिलं: "झाडाच्या सालीत कमावलेल्या ओल्या चामड्याला लोखंड लावू नये. लिंबू चोळा. पाण्याने पुसा. सावलीत वाळवा. रडू नका." डाग गेला. तेव्हापासून 'जुनी आरी' हे तिथलं बडं प्रस्थ आहे. लोक त्यांना विचारल्याशिवाय चामड्याला भोक पाडत नाहीत.

आता मुद्द्याचं. यांची बदली झालीय. मार्चअखेर निघायचं. नवं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या गुडघ्यांनी आबा एकदा वर चढले की परत खाली उतरायचे नाहीत. मी हळूच म्हटलं, "आबा, दादाकडे जाल?" ते म्हणाले, "चौथा मजला काही फार उंच नाही."

दादा, नऊ वर्षं झाली. एका शिवणयंत्रावरून बाप-लेक इतकं धरून बसतात का रे? काहीतरी कर. आणि उत्तर घरी पाठवू नकोस, मी कामाला आहे त्या दातांच्या दवाखान्यावर पाठव. डॉक्टरबाईंना सांगून ठेवलंय.

तुझी,
चिमी

१२ नोव्हेंबर

चिमे,

"गाढव" वाचून घर आठवलं. इतक्या वर्षांत त्या प्रेमाने मला कुणी हाक मारली नाही. इथे सगळे शेठ म्हणतात.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी 'दोन सुया'त शिरलो. आबांचे सगळे जबाब बसून वाचले. मावशी दोनदा चहा ठेवून गेली, तो गार झाला. (मावशी आठवते ना? आबा निघून गेल्यावर बाकीचेही पांगले, या कारखान्यात ती आणि मी दोघंच उरलो होतो. आता एकोणीस जण आहेत आणि ती अठरा जणांना आणि मला दम देते.) चिमे, आबा बोलतात गं! सोम्या विचारतो, त्याला सांगतात. गोम्या विचारतो, त्याला दोनदा सांगतात. एका पोराला चामडं कापायची रापी कशी धरायची हे सांगताना त्यांनी चक्क विनोद केलाय. मुलाशी बोलायचं नाही, पण सोम्यागोम्याशी बोलायचं. ठीक आहे, म्हटलं. मग आपणच सोम्यागोम्या व्हावं.

मी नाव घेतलंय 'कच्चा टाका'. धंदा कारकुनी, अनुभव शून्य. नवशिक्या म्हणून एक किल्ल्यांचं पाकीट शिवून फोटो टाकायचा आणि आबांच्या शिव्या खायच्या, एवढाच बेत. सोपं वाटलं. पण वाईट शिवणं किती अवघड आहे याची तुला कल्पना नाही. आरी हातात घेतली की भोकं आपोआप एकाच तिरक्या कोनात पडतात. डोळे मिटून पाहिलं, डाव्या हाताने पाहिलं. मावशी लांबून बघत होती. जवळ येऊन कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप तर नाही. मग हे काय चाललंय?" शेवटी ड्रायव्हरला बसवलं. म्हटलं, तू शिव, तू जन्मात सुई धरलेली नाहीस. त्याने असं काही सुबक शिवलं की मला राग आला. म्हणाला, "शेठ, रोज बघतोच की."

अखेर उजव्या हाताला जाड हातमोजा घालून मीच शिवलं. टाके असे आलेत की जणू कोंबडी पाय घासून गेली. काल फोटो टाकला. तू फक्त त्यांच्या तोंडाकडे बघ आणि कळव.

तुझा,
दादा

२८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू अजून लहानच आहेस. पण लागू पडलंय!

फोटो आला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. आबांनी पाहिला. मग फोटो मोठा केला, मग उलटा केला, मग चष्मा पुसला. मी म्हटलं, "काय झालं?" "काही नाही. एक कारकून आहे." आणि त्यांनी लिहिलं ते तू वाचलंसच: "पुढून वाईट. मागून वाईट. शेवट बरा आहे. परत कर."

मला हसू आवरेना. पण एक गोष्ट खटकली. आबा ग्रुपवर शेंबड्या पोरालासुद्धा अहो-जाहो करतात. "परत करा", "रापीला धार लावा." आणि तुला पहिल्याच फटक्यात अरे-तुरे! मी म्हटलं, "आबा, अनोळखी माणूस आहे, त्याला राग येईल." तर म्हणाले, "येऊ दे. आला तर जाईल, नाही आला तर शिकेल."

त्यानंतर त्यांनी तुला वीतभर पट्टी आणि चाळीस टाके सांगितले, ते तू केलेस, ते त्यांनी नापास केले, हे सगळं मी रोज बघतेय. सकाळी उठल्यावर गुडघ्याला तेल लावायच्या आधी फोन मागतात. "कारकुनाने काही पाठवलंय का बघ." परवा तू दोन दिवस काही टाकलं नाहीस तर जेवताना म्हणाले, "हल्लीचे लोक. चाळीस टाक्यांत दमतात." रोज टाकत जा रे बाबा.

काळजी करू नकोस, तुझी पत्रं मी शिवणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात ठेवलीत. या घरात दोरा-सुईला गेल्या नऊ वर्षांत कुणी हात लावलेला नाही. तिथे कोण बघतंय!

तुझी,
चिमी

३ डिसेंबर

चिमे,

"शेवट बरा आहे." मी हे तीन शब्द किती वेळा वाचले असतील! तुला आठवत नसेल, तू लहान होतीस, पण मी शिकत होतो तेव्हा आबांच्या तोंडून "बरा" हा शब्द वर्षातून एकदा निघायचा, आणि तो बहुतेक वेळा घोड्याबद्दल असायचा. आता ते नेमकं कशाला बरं म्हणाले हे मला कळलेलं नाही. कळून घ्यायचंही नाही. बरं म्हटलं ना, बस.

अरे-तुरेचं काही वाटून घेऊ नकोस. कारकून म्हटलं की कुणीही अरे-तुरे करतं.

चाळीस टाके म्हणजे काय हे तुला सांगतो. नऊ वर्षांचा होतो तेव्हा आबांनी मला हीच वीतभर पट्टी दिली होती. लाकडी चिमट्यात पट्टी धरायची, चिमटा दोन गुडघ्यांत. आरीने एक भोक, दोन्ही बाजूंनी दोन सुया त्याच भोकातून, मग ओढ. चाळीस झाले की आबा बघायचे आणि म्हणायचे, "परत कर, शिंगरू." खोगीर शिवणारा माणूस, पोराला दुसरं काय नाव ठेवणार! मी चौदा पट्ट्या केल्या. पंधरावी त्यांनी खिळ्याला टांगली. मी दिवसभर त्या खिळ्याखालून जात-येत होतो.

आता सेहेचाळिसाव्या वर्षी तीच पट्टी परत करतोय आणि मुद्दाम वाकडी करतोय. रोज थोडी कमी वाकडी. नाहीतर त्यांना वाटेल की कारकून शिकतच नाही.

तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तिने मला फोनकडे बघून हसताना पकडलंय आणि तिचे वेगळेच तर्क चालू आहेत.

तुझा,
दादा

२२ डिसेंबर

दादा,

हे घाईत लिहितेय. दवाखान्यात पेशंट खुर्चीत आहे, तोंड उघडून.

तू काल काय लिहिलंस रे ते! आबांनी सहज विचारलं, "घरात शिकवणारं कुणी नव्हतं का?" आणि तू लिहिलंस, "वडील होते. ऐकलं नाही मी." ते वाचून आबांनी फोन उपडा ठेवला. मग गॅलरीत गेले. मी हाक मारली तर म्हणाले, "खिडक्या मोजतोय." चार दिवस झालेत असं वाटतंय, खरं तर एकच झालाय. ओळखलं असेल का? मला नाही वाटत. ओळखलं असतं तर फोन फेकला असता. मला वाटतं त्यांना राग आला, की हा परका माणूस घरचं रडगाणं कशाला सांगतो.

आणि आणखी एक. आज सकाळी मेणाचा तुकडा मागितला. म्हटलं, "कशाला?" "खिडकीचा बोल्ट अडकतो." बोल्टला मेण लावतात का रे?

आता मुळीच घाई करू नकोस. खरं सांगायचं मनात आणू नकोस. सांगितलंस तर आहे तेही जाईल. आणि एकदा मला नीट सांग, मशीनवरून एवढं काय झालं होतं? आबांना विचारलं की ते म्हणतात, "मशीनचा टाका एक तुटला की शेजारचे सुटतात." बस, एवढंच. ते मला पाठ झालंय. त्यावरून कुणी घर सोडतं का?

चिमी

२ जानेवारी

चिमे,

बोल्टला मेण लावतात. दोऱ्यालाही लावतात. पण आबांचे हात आता दोरा ओवतील असं मला वाटत नाही, आणि तेच तुला आज सांगायचंय.

मशीनवरून काही झालं नव्हतं. मशीन आणलं त्या दिवशी आबांनी त्याला तेल घातलं होतं, हे तुला माहीत आहे का? कुरकुर केली, टाका सुटण्याचं ते वाक्यही म्हणाले, पण तेल स्वतः घातलं. भांडण झालं ते पुढे सहा महिन्यांनी. आणि ते भांडणही नव्हतं, कारण बोललो मी एकटाच.

घोड्यांच्या क्लबचा माणूस खोगिराचे पट्टे न्यायला आला होता. बारा पट्टे. सहा आबांनी हाताने शिवलेले, सहा मशीनवरचे. त्याने सगळे टेबलावर शेजारी शेजारी मांडले. आबांच्या पट्ट्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी शिवलेत?" टाके हलले होते, चिमे. वर्षभर हलत होते. मी बघून न बघितल्यासारखं करत होतो. आणि त्या दिवशी, सगळ्या कामगारांसमोर, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मी हसत म्हणालो, "ते आमच्या म्हाताऱ्याचे. हात हलतो आता. ठेवा बाजूला, मशीनवर परत करून देतो."

आबा चिमट्याशीच बसले होते. रापी पुसून ठेवली. खिळ्यावरची, शिवलेल्या मालावर ठोकायची आपली पितळी छाप काढली, खिशात घातली आणि निघाले. मावशी मागे धावली. मी नाही धावलो. मला वाटलं, संध्याकाळी येतील.

हे तुला नऊ वर्षं सांगितलं नाही, कारण मशीनवरून भांडण झालं हे ऐकायला बरं वाटत होतं. मशीन आणणारा मुलगा म्हणजे हिंमतवाला. बापाच्या हातावर गिऱ्हाईकासमोर हसणारा म्हणजे काय, ते तूच ठरव. आणि आता बघ, त्याच बापाला दाखवायला मी मुद्दाम टाके हलवतोय. पहिल्या दिवशी गंमत होती. आता हातमोजा घालताना माझंच मन मला खातं.

मला खरं सांगायचंय. तू म्हणशील तसं.

दादा

१९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. तुझ्यावर रागवायचं होतं. पण नऊ वर्षं आबांनीही मला यातला एक शब्द सांगितला नाही, तेव्हा मी कुणाकुणावर रागवू? दोघं एका चामड्याचे आहात. खरं सांगायचं का, ते तूच ठरव. आणि आता विचार करायलाही वेळ नाही, कारण नवंच लफडं झालंय.

आज आबांनी ग्रुपवर तुला लिहिलं ते पाहिलंस ना? "फोटो पुरे. चामडं फोटोत कळत नाही. शेवटची पट्टी पोस्टाने पाठव." आणि खाली पत्ता. कुठला, तर माझ्या दवाखान्याचा! घरचा नाही, दवाखान्याचा! त्यांना तो पत्ता आला कुठून? मी विचारलं तर म्हणाले, "तू तिथे कामाला नाहीस का?" मी म्हटलं, "हो, पण घरचा का नाही दिला?" तर म्हणाले, "कारकुनाला तोच सोयीचा."

इकडे सामान बांधायला सुरुवात केलीय. आबांची पेटी तेवढी तशीच आहे. "नंतर बघू," म्हणतात.

चिमी

२४ जानेवारी

चिमे,

घाबरू नकोस. अनोळखी माणसाला घरचा पत्ता कुणी देत नाही, शहाणा माणूस कामाचाच देतो. आबा धोरणी आहेत, इतकंच. मी त्यांचाच मुलगा आहे, मला कळतं.

पट्टी पाठवतोय. हातमोजा काढून शिवायला बसलो होतो. म्हटलं, एकदाच नीट शिवू, बघतील आणि ओळखतील, होईल ते होईल. दहा टाके सरळ घातले आणि धीर सुटला. ते उसवून पुन्हा वाकडे घातले. चांगलं शिवायची भीती मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. पाठवणाऱ्याचा पत्ता ड्रायव्हरच्या घरचा दिलाय.

त्यांनी पट्टी बघितली की मला लगेच कळव. काही बोलले नाहीत तरी कळव.

दादा

११ फेब्रुवारी

शिंगरास,

हे पत्र थेट कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. ड्रायव्हरच्या घरी पाठवून त्या बिचाऱ्याला कशाला त्रास द्यायचा.

तुझी बहीण पत्रं शिवणाच्या डब्यात लपवते. पन्नास वर्षं दोरा ओवलेल्या माणसाच्या घरात लपवायची जागा तिला हीच सापडली. डिसेंबरात मेण घ्यायला डबा उघडला तेव्हा सगळी हाताला लागली. नंतरची ती जशी ठेवत गेली तशी वाचत गेलो. तिला रागावू नको. मी परत जशीच्या तशी ठेवत होतो, तिला अजून पत्ता नाही. तूच कळव. तिचं तोंड बघायला मी तोवर इथे थांबतोच आहे.

पण पत्रांनी मला काही नवीन सांगितलं असं समजू नको. पहिल्याच फोटोत कळलं होतं. तीन हजार माणसं त्या ग्रुपवर शिवतात. शेवटाला सगळे दोऱ्याचं टोक जाळतात, काळा ठिपका राहतो. काही गाठ मारतात. तुझ्या पाकिटावर कोंबडी नाचली होती, पण शेवटाला ठिपका नाही, गाठ नाही, टोक कुठेच नाही. दोन टाके मागे घेऊन टोक दोन थरांच्या मधे नेलेलं. असा शेवट माझ्या बापाने मला शिकवला आणि मी तुला. तिसऱ्या कुणाला शिकवलेला नाही. हातमोजा घालून अख्खं शिवण बिघडवलंस आणि शेवट आला तसा हात आपल्या वळणावर गेला. गाढव.

म्हणून लिहिलं, शेवट बरा आहे.

लगेच का सांगितलं नाही, तर तू रोज काहीतरी पाठवत होतास. सांगितलं असतं तर थांबला असतास.

आता त्या बारा पट्ट्यांचं. चिमीला ते सांगायला नको होतंस. मी नऊ वर्षं सांगितलं नव्हतं, ते काय तिला कळावं म्हणून? असो. माझा हात हलत होता, हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच लागलं. तू एकट्याला सांगितलं असतंस तर मी चार शिव्या देऊन बाजूला झालो असतो. पण मीही तुला वर्षभर विचारलं नाही की बाबा रे, टाके ठीक येतायत का. मला माहीत होतं ठीक येत नाहीत. तू बघून न बघितल्यासारखं करत होतास, मी हलून न हलल्यासारखं. दोघांनीही मशीनच्या आवाजाचं निमित्त करून बोलायचं टाळलं.

मी आता परत शिवतो. चिमी दवाखान्यात गेली की. दोन पायांत तिचं लाटणं आणि पोळपाट धरून चिमटा केलाय, तिला सांगू नको. दिवसाला दहा टाके होतात.

तुझी पट्टी सोबत परत पाठवतोय. तुझ्या चाळीस टाक्यांच्या शेजारी मी माझी चाळीसची ओळ घातलीय. एक ओळ मुद्दाम वाकडी केलेली, एक आपोआप वाकडी झालेली. मावशीला दाखव आणि विचार, कुठली शेठची आणि कुठली म्हाताऱ्याची. तिला ओळखू येणार नाही. तुला वाटेल शेवट बघून ओळखीन. बघ. शेवट दोन्हींचा सारखाच आहे.

खिळ्याला टांगण्यासारखी नाही. तरी टांग.

छाप माझ्याजवळ आहे. पोस्टाने पाठवायची वस्तू नव्हे, घेऊन येतो. खिडकीजवळ स्टूल आणि लाकडी चिमटा ठेव. मशीन बंद करू नको, मला आता कमीच ऐकू येतं. आणि स्वतः तो हातमोजा जाळून टाक.

चौथा मजला फार उंच आहे, असं चिमीला आज सांगितलं. ती रडली आणि लगेच माझी पेटी भरायला बसली, इतक्या घाईने की मला जरा वाईटच वाटलं.

२६ तारखेला, बुधवारी दुपारच्या गाडीने पोचतो. तू कामं सोडून स्टेशनवर येऊ नको, ड्रायव्हरला पाठव. मला त्याचा टाका बघायचाय.

तुझा,
आबा